जेवढा बंब सरकारचा

तांब्याने भरलेली मालगाडी सुटली की कारखान्याचा भोंगा वाजायचा. भोंगा वाजला की गावात जो कोणी जिथे असेल, न्हाव्याच्या खुर्चीत असो की शेगडीपुढे, तो मान वर न करता म्हणायचा, "निघाली लेक सासरी." दुसरा विचारायचा, "सासरहून काही आलं का?" पहिला सांगायचा, "आलं ना. ख्यालीखुशालीचं पत्र." हा विनोद इतका झिजला होता की त्याला कोणी हसत नव्हतं, पण म्हणायचं कोणी सोडतही नव्हतं.

हसण्यासारखं होतंच काय? डोंगर पोखरला या जिल्ह्याने, धूर गिळला या जिल्ह्याने, आणि देशाच्या तिजोरीत पडणाऱ्या शंभर रुपयांतले अकरा एकट्या या जिल्ह्याचे. या टपरीवरच्या बाता नव्हत्या. सरकारच दरवर्षी हे छापायचं आणि वर शाबासकी द्यायचं. पण परत वाटायची वेळ आली की राजधानीतले लोक डोकी मोजायला बसायचे. घेताना डोंगर मोजायचा आणि देताना डोकी, असा तिथला हिशेब. डोकी या जिल्ह्यात कमी. म्हणून रस्त्याला खड्डे, शाळेला अर्धेच मास्तर, आणि सबंध गावाला आग विझवायला बंब एकच.

त्या बंबाला सगळे म्हातारी म्हणत. म्हातारीचा चालक, मेकॅनिक, मालक आणि भक्त असा एकच माणूस होता. त्याला गाव वस्ताद म्हणायचं. हे नाव त्याने स्वतःच पाडून घेतलं होतं असं त्याची बायको सांगायची, आणि ते खोटं नव्हतं. वस्ताद म्हणजे भारी फुशारकीचा माणूस. बंबखान्यात पाहुणा आला की आधी म्हातारी, मग चहा. तिची किल्ली दुसऱ्यांदा फिरवायची वेळ कुठल्याही चालकावर येणार नाही, पहिल्याच फिरकीला ती उठते, म्हणजे उठतेच, हे तो परक्या माणसाला ओळख होण्याआधी सांगायचा. "नाही चालत" हे दोन शब्द माझ्या बंबखान्यात कोणी उच्चारायचे नाहीत, असा त्याचा दंडक होता.

आणि खरंच, ते त्या गावाच्या हाडातच नव्हतं. सगळं गाव धातूत वाढलेलं. कुठे काही खडखडताना दिसलं की इथल्या माणसाचे हात शिवशिवतात. बँकेचा दरवाजा करकरला तर रांगेतला माणूस खिशातून पाना काढून बिजागरी आवळतो आणि मग रांगेतला नंबर गेला म्हणून भांडतो. सरकारने बंबाला टायर पाठवले नाहीत, तर खाणीतल्या डंपरचे जुने टायर घासूनपुसून बसले. पंप गेला, तर कारखान्यातल्या पोरांनी सुट्ट्यांमध्ये नवा ओतला. नळ्या तंबू शिवणाऱ्या बायांनी शिवल्या, सीट चांभाराने बांधली. अशी वर्षं गेली, आणि म्हातारी दर वर्षी तरुण होत गेली.

एक गोष्ट तेवढी कोणाला जमली नाही. म्हातारीची शिडी तिसऱ्या मजल्यापुढे जात नव्हती. लांब केली तर गाडी कलंडायची. तिथे गावाची अक्कल संपली.

आधी याचं काही वाटत नव्हतं, कारण गावात तिसऱ्या मजल्यावर राहायचं कोण? पण कारखाना वाढला, आणि रुळांपलीकडे कामगारांसाठी आठ-आठ मजल्यांच्या इमारती उठल्या. वस्तादची थोरली बहीण अक्का तिथेच सातव्या मजल्यावर राहायची. उभं आयुष्य तिने कारखान्यात खडी निवडली होती, आणि त्या धुळीने तिची छाती धरली होती. चार पायऱ्या चढली की ती थांबून भिंतीशी बोलल्यासारखी उभी राहायची. वस्तादला आई आठवत नव्हती. त्याला नाकातोंडात घास कोंबून वाढवलं होतं ते अक्काने.

मागच्या थंडीत पाचव्या मजल्यावर एक शेगडी पेटली. म्हातारी पहिल्या फिरकीला उठली, सगळ्यांच्या आधी पोचली, आणि तिची शिडी तिसऱ्या मजल्याच्या खिडकीला टेकून उभी राहिली. वस्ताद शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभा होता. वर धूर, धुराच्या वर अक्काची खिडकी, आणि खिडकीत अक्का. ती ओरडत नव्हती, ओरडायला श्वासच नव्हता. तिने फक्त पदर हलवला. शेजारच्यांनी तिला खुर्चीत बसवून जिन्याने खाली आणली, म्हणून वाचली. महिनाभर दवाखान्यात होती. वस्ताद उशाशी बसला की ती म्हणायची, "तू दिसत होतास रे धाकट्या. हात पुढे केला असतास तर चार मजलेच कमी पडले असते." हा तिचा विनोद. वस्तादला तो ऐकवत नसे.

नगरपालिकेने उंच शिडीच्या नव्या बंबासाठी राजधानीला लिहिलं. राजधानीने नेहमीप्रमाणे आधी तपासनीस पाठवायचं ठरवलं.

तपासनीस बाई आल्या. बारीक चणीच्या, धुळीने शिंकणाऱ्या, पण वागायला सरळ. आणि इथे वस्तादने माती खाल्ली. घरी पाहुणा येणार म्हटल्यावर फाटकी चादर कोण अंथरतं? त्याने आदल्या दिवशी म्हातारीला धुतली, रंगाचा हात दिला, नळ्या एकासारख्या एक गुंडाळल्या. बाई समोर येताच एका बोटाने किल्ली फिरवली. म्हातारी गुरगुरली. वस्तादने आपला ठरलेला पाठ सुरू केला, टायरपासून टपापर्यंत, आणि शेवटी छाती काढून म्हणाला की असा बंब तुमच्या राजधानीतसुद्धा नसेल. बाईंनी मनापासून मान डोलावली. शिडीबद्दल बोलायचं त्याच्या लक्षातच राहिलं नाही असं नाही. तो बोलला. पण आधी एवढं गाऊन झाल्यावर कण्हणं कोणाच्या कानात शिरणार?

उत्तर आलं. सध्याचं वाहन उत्तम स्थितीत असून आणखी दहा वर्षं सेवा देऊ शकेल, सबब नव्या वाहनाची आवश्यकता नाही. खाली बाईंनी आपल्या हाताने लिहिलं होतं की चालकाचं विशेष कौतुक करावं.

बायको म्हणाली, "फ्रेम करून लावा आता. अक्कांच्या खिडकीत लावा, म्हणजे धुरात धरून उभ्या राहतील." त्या दिवशी वस्ताद जेवला नाही. गावानेही त्याला सोडलं नाही. न्हावी दाढी करता करता विचारायचा की आणखी दहा वर्षं सेवा देणार ना? नगराध्यक्ष निवृत्त मास्तर होते. ते रागावत नसत, फक्त सुस्कारा टाकत, आणि तो शिवीपेक्षा जास्त लागायचा. अक्का तेवढी काही बोलली नाही. वस्तादने तिला खाली आपल्या घरी राहायला चल म्हणून विनवलं. ती म्हणाली की सातव्या मजल्यावर तिच्यासारख्या आणखी तीन जणी आहेत, त्यांनाही तुझ्या दोन खोल्यांत घेणार का?

मास्तरांनी अर्जफाटे केले, वर दोनदा जाऊन आले, आणि फेरतपासणी मिळवली. बाई पुन्हा येणार होत्या. मास्तरांनी वस्तादला कचेरीत बोलावलं, दार लावलं, आणि खिडकीकडे बघत सांगितलं की बाईंच्या समोर म्हातारी उठता कामा नये. एक दिवस. एकच दिवस ती आजारी पडू दे.

वस्तादला कोणीतरी मुस्काटात मारल्यासारखं झालं. त्याने अक्काची खिडकी आठवली आणि हो म्हणाला.

बाई येण्याच्या आदल्या संध्याकाळी त्याने स्टार्टरची वायर सोडली आणि चोरासारखा घरी आला. सकाळी जाऊन किल्ली फिरवली, आता ही उठणार नाही म्हणून डोळे मिटले, आणि म्हातारी पहिल्या फिरकीला उठली. झालं असं होतं की कानवाले आजोबा, म्हणजे नुसत्या आवाजावरून इंजिनाचा रोग सांगणारे जुने फिटर, सकाळच्या फेरीत बंबखान्यात डोकावले होते. बंबखान्याला कुलूप असं कधी नव्हतंच. वायर लोंबत होती. त्यांनी जोडली, आणि वर वस्तादला दम दिला, "पोरा, लक्ष कुठे असतं तुझं? म्हातारपण मला आलंय की तुला?"

बाईंची गाडी घाटात अडकली, त्या उद्या येणार असा निरोप आला. वस्तादला हायसं वाटलं. त्याने डिझेलची नळी काढली आणि घरी जेवायला गेला. परत येतो तर दूधवाल्याने नळी बसवलेली, वर सांगतोय की ढिली होती, मी पट्टी आवळलीय, पैसे नकोत. मग त्याने बॅटरी काढून कोपऱ्यात ठेवली. चांभार सीटचे टाके बघायला आला होता. त्याने बॅटरी चार्ज करून आणून जोडली. वस्ताद त्या चांभारावर असा खेकसला की तो बिचारा रडवेला झाला. ज्या गावाने मोडलेलं मोडकं राहू दिलं नाही, त्या गावात गाडी बंद पाडणं माणसाच्या हातातलं काम नव्हतं.

संध्याकाळी तो अक्काकडे गेला. वीज गेली होती, म्हणून लिफ्ट सोडून जिन्याने गेला. तिने त्याचं तोंड पाहिलं, पाणी दिलं, आणि काय झालं ते विचारलं. त्याने सगळं सांगितलं. वायर, नळी, बॅटरी. अक्का हसायला लागली, हसता हसता तिला खोकला आला, आणि तो थांबेपर्यंत वस्ताद तिची पाठ चोळत राहिला.

"कशाला रे चोरून करतोस?" श्वास लागल्यावर ती म्हणाली. "लहानपणी गूळ चोरायचास तेव्हाही पकडला जायचास. तुला जमत नाही ते."

"मग काय करू? ती बाई आली की किल्ली फिरव म्हणणार. फिरवली की ही उठणार."

"ती उठते कशाने?"

"माझ्या हाताने."

"तुझ्या एकट्याच्या?"

वस्तादने पाण्याचा पेला खाली ठेवला. खाली रुळांवरून मालगाडी निघाली, भोंगा वाजला. शेजारच्या खोलीतून कोणीतरी सवयीने म्हणालं, निघाली लेक सासरी. अक्का म्हणाली, "लेकीबरोबर आपण देतो ते मोजून, सांगून देतो. पण सासरच्यांच्या या गाडीत आपलं काय काय आहे हे कधी त्यांना दाखवलंस? खाणीचे टायर, पोरांचा पंप, बायांचे टाके. त्यांनी ते सगळं आपलं म्हणून कागदावर चढवलंय. ज्याचं त्याला परत दे. मग उरेल ते दाखव."

वस्ताद जिना एका दमात उतरला. आधी कारखान्याच्या फाटकावर गेला. कारखान्याचा स्वतःचा बंब होता, पण तो कुंपणाबाहेर काढायचा नाही असा नियम राजधानीतूनच आलेला. फाटकावरचा पहारेकरी नियमाचा पक्का. उद्या एक दिवस तो बंब बाहेर हवा, हे वस्तादचं म्हणणं त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला की उद्या दिवसभर माझी मान आखडलेली असणार आहे, त्या बाजूला वळणार नाही. मग वस्ताद घरोघर फिरला. ज्यांचं ज्यांचं काही म्हातारीत होतं, त्यांनी सकाळी या आणि आपलं घेऊन जा, एवढंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बाई बंबखान्याच्या अंगणात उतरल्या आणि शिंकायच्या विसरल्या. अंगणभर ताडपत्र्या पसरल्या होत्या. त्यांवर म्हातारी सुटी करून मांडली होती, एकेक भाग पुसून, तेल लावून, आणि प्रत्येक भागामागे त्याचा धनी उभा होता. टायरांमागे खाणीतले चौघे. पंपामागे ओतकामातली पोरं, जी आता टक्कल पडलेले बाप्ये झाली होती. नळ्यांमागे तंबूवाल्या बाया, सीटमागे चांभार, कालच्या रागाने अजून वस्तादकडे न बघणारा. इंजिनामागे कानवाले आजोबा खुर्ची टाकून बसले होते, कारण इंजिन तीनदा उघडून तीनदा बांधलं होतं ते त्यांनीच. बंबखान्याच्या फाटकाबाहेर कारखान्याचा बंब इंजिन चालू ठेवून उभा होता. गावाला आगीच्या भरवशावर सोडण्याइतकं कोणी खुळं नव्हतं.

आणि मधोमध, चार लाकडी ठोकळ्यांवर, एक सांगाडा उभा होता. त्याला एक दरवाजा आणि एक नंबराची पाटी.

"बंब कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

"हा काय, मॅडम," वस्ताद म्हणाला. "जेवढा सरकारचा, तेवढा उभा केलाय. बाकीचं ज्याचं होतं ते तो घेऊन बसलाय."

बाई ताडपत्र्यांच्या कडेने चालत गेल्या. प्रत्येकापुढे थांबल्या, विचारलं, ऐकलं. तंबूवाल्या एका बाईने सांगितलं की दर पावसाळ्याआधी त्या नळ्या सोडून पुन्हा शिवतात, आणि धाग्याचे पैसे कोणी देतं का हे विचारायचंही तिला कधी सुचलं नाही. आजोबांनी तर बाईंनाच बसायला खुर्ची देऊ केली आणि इंजिनाची जन्मकथा सुरू केली, ती मास्तरांनी मध्येच तोडली. एक फेरी पुरी झाल्यावर बाईंनी हातातला तपासणीचा तक्ता उलटसुलट पाहिला. मग हळूच म्हणाल्या की हे सगळं त्यांना दिसतंय, पण त्यांच्या तक्त्यात याला जागा नाही. तक्ता एवढंच विचारतो की वाहन चालतं की नाही. मागच्या वेळी चालत होतं. त्यांनी वस्तादकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात कुत्सितपणा नव्हता. "तुम्ही सांगा, वस्ताद. मी तुमचा शब्द लिहीन. गाडी चालते का?"

 सगळं गाव त्या माणसाच्या तोंडाकडे बघत होतं. त्या तोंडातून ते दोन शब्द कधी निघाले नव्हते. चांभारसुद्धा आता त्याच्याकडे बघत होता. वस्तादने मान वर केली. रुळांपलीकडे इमारती दिसत होत्या. सातव्या मजल्याच्या खिडकीत काहीतरी पांढरं हललं. पदर असेल, नाहीतर वाळत घातलेली चादर.

"नाही चालत, मॅडम," तो म्हणाला. मग मागच्यांनाही ऐकू जावं म्हणून पुन्हा मोठ्याने सांगितलं. "सरकारची गाडी चालत नाही. कधीच चालत नव्हती. आम्ही चालवत होतो."

बाईंनी लिहिलं. बराच वेळ लिहिलं. सही करून पेनाचं टोपण लावलं आणि विचारलं की आता हे सगळं परत जोडणार का, मला बघायला आवडेल.

वस्तादच्या अंगात जुना वस्ताद परत आला. "जोडणार तर. पण ते आमचं घरचं काम आहे, मॅडम. तुम्हाला बघायला दिलं तर तुम्ही पुन्हा दहा वर्षं लिहून जाल."

बाई पहिल्यांदा मोकळ्या हसल्या. मग म्हणाल्या की त्या डोळे मिटून चहा घेतील. चहा आला, आणि त्यांनी डोळे काही मिटले नाहीत. दिवस कलायच्या आत म्हातारी चारी टायरांवर उभी राहिली. शेवटचा बोल्ट आवळायला पाना चांभाराच्या हाती देऊन वस्ताद बाजूला झाला, तीच त्याची माफी. त्याने आत चढून किल्ली फिरवली. पहिल्याच फिरकीला. अंगणातल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. एकमेकांकडे बघून नुसती नाकं फेंदारली, जसं काही हे होणारच होतं. आणि ते होणारच होतं.

नवा बंब यायला पुढचा उन्हाळा उजाडला. आला तेव्हा वस्तादने त्याच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि रंगाला पोत नाही, आरसा लहान आहे, अशी नावं ठेवली. मग इमारतीखाली नेऊन शिडी सोडली. ती तिसरा मजला ओलांडून गेली तेव्हा खालच्या लोकांनी माना मागे टाकल्या. पाचवा ओलांडला. सातव्याच्या खिडकीपाशी शिडी हलकेच टेकली, आणि पाठोपाठ वस्ताद वर चढून आला. अक्का खिडकीत खुर्ची घेऊन बसलीच होती. तिने हात बाहेर काढला, त्याने धरला. 

मग अक्काने शिडीची पायरी बोटाने वाजवून पाहिली. "खडखडते रे."

"वॉशर पातळ आहे. खाली उतरलो की बदलतो."

"खबरदार," अक्का म्हणाली. "ही त्यांची आहे. त्यांना कळव, त्यांच्याकडून बदलून घे. तू हात लावलास की ती तुझी झाली, आणि मग पुढची तीस वर्षं तूच लावत बसशील."

वस्तादने बाहेर काढलेला पाना परत खिशात घातला. त्याला किती जड गेलं ते त्यालाच ठाऊक. दूर भोंगा वाजला. तांब्याची गाडी निघाली होती, आणि इतक्या उंचावरून तिचे डबे शेवटपर्यंत दिसत होते. अक्का सवयीने म्हणाली, "निघाली लेक सासरी. या खेपेला काहीतरी धाडलं बाई त्यांनी."

"धाडलं नाही, अक्का," वस्ताद म्हणाला. "आपलंच होतं. थोडं घरी आलंय."

खाली उतरल्यावर त्याने बंबखान्यात नव्या बंबाच्या नाकासमोर पाटी लावली: सरकारी गाडी, कोणीही दुरुस्त करू नये. दुपारी येऊन पाहिलं तर कोणीतरी पाटीचा सैल खिळा नीट ठोकून गेलं होतं.